आंब्याला तुडतुडे न लागणारा खेळ: खेळाचा अर्थ लावायचा कसा?

खाडीकाठची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. गेल्या रविवारी देवगडला भावाकडे होते. चार दिवस मळभ, मोहर ऐन भरात, त्यामुळे भाऊ सकाळपासून फवारणीच्या मागे. दुपारी तो खळ्यात पंप धुवत बसला होता आणि भाचा (सातवीत आहे) पडवीत लॅपटॉपवर 'स्टारड्यू व्हॅली' खेळत होता. माहीत नसेल त्यांच्यासाठी: शहरातली नोकरी सोडून आजोबांच्या पडीक शेतावर आलेल्या माणसाचा हा खेळ. पेरायचं, पाणी घालायचं, मासे धरायचे, गावात ओळखी वाढवायच्या.

त्याने आंब्याचं झाड लावलं होतं. मला म्हणाला, "आत्या, ह्यात आंब्याला तुडतुडे लागतच नाहीत. भुरी पण नाही. अठ्ठावीस दिवसांत झाड तयार, मग हंगामभर रोज एक आंबा." (तुडतुडे म्हणजे मोहराचा रस शोषणारे किडे, भुरी म्हणजे मोहरावरची बुरशी.)

खळ्यातून भावाने विचारलं, "आणि भाव?"

"भाव एकच. एक टाका नाहीतर शंभर टाका."

भाऊ ओल्या हातांनीच पडवीत आला. बराच वेळ पडद्याकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "दलाल खंय बसता ह्यात?"

"दलाल नाहीच. रात्री पेटीत टाकायचं, सकाळी पैसे."

भाऊ काही बोलला नाही. परत जाऊन पंप धुवायला लागला.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. कविता शिकवताना मुलांना काय बघायचं ते मी सांगू शकते: शब्द, प्रतिमा, लय, गाळलेल्या जागा. खेळात काय वाचायचं? चित्रं, गोष्ट, नियम, की खेळणाऱ्याने त्यात काय केलं ते? आणि त्या दोघांनी जे केलं त्याला अर्थ लावणं म्हणायचं, की आपल्या घरचं दुखणं खेळाला चिकटवणं? पुढच्या महिन्यात एका चर्चासत्रात मला ह्यावर बोलायचंय. मला वाटतं, तो अर्थच होता. पण नुसतं वाटून भागणार नाही.

फणसगरे

ताई, लिहिलंय छान, पण खेळ तो खेळ. माणूस दमला की चार घटका विसरायला खेळतो. त्यात दलाल शोधायला लागलं तर विसरायचं कुठे?

लेव्हल_९९

माझे ह्या गेममध्ये चारशेच्या वर तास झालेत. भाच्याला सांगा आंब्यात दम नाही. 'एन्शंट फ्रूट' लावायचं, त्याची वाइन करायची, शेडमध्ये ओळीने पिंपं ठेवायची. तिसऱ्या वर्षापर्यंत पैसाच पैसा. आणि अर्थबिर्थ आम्ही कोणी शोधत नाही ओ. किती मिळतात ते बघतो.

सारीपाट

ताई, तुम्ही नेमक्या जुन्या भांडणात पाय टाकलाय. त्या भांडणातूनच हा अभ्यासविषय उभा राहिला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९९७ साली जॅनेट मरे ह्या अमेरिकन अभ्यासिकेने टेट्रिसबद्दल लिहिलं की वरून न थांबता पडणारे ठोकळे, ते रचता रचता होणारी दमछाक, हे नव्वदच्या दशकातल्या अमेरिकन माणसाच्या कामाने भरगच्च झालेल्या आयुष्याचंच रूप आहे. २००१ साली फिनलंडच्या मार्क्कु एस्केलिनेनने त्यावर कडक टीका केली. त्याचं म्हणणं असं की बाईंनी खेळ बघितलाच नाही, आपल्या आवडीचा आशय त्यात ओतला. आणि टेट्रिस तर १९८४ मध्ये मॉस्कोच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजितनोवने लिहिलेला. त्यात अमेरिकन कारकुनाचं आयुष्य येणार कुठून?

ज्या नियतकालिकात ही टीका आली ते त्याच वर्षी सुरू झालं होतं. त्याच्या पहिल्या अंकात संपादक एस्पेन ऑर्सेथने लिहिलं की खेळांकडे स्वतंत्र विषय म्हणून बघा, साहित्य आणि सिनेमावाल्यांनी त्यावर वसाहत करू नये. ह्या बाजूच्या लोकांना 'ल्युडॉलॉजिस्ट' (खेळशास्त्रवाले) नाव पडलं. नियम आधी, गोष्ट नंतर, असा त्यांचा साधारण सूर.

ह्या न्यायाने बघितलं तर भाच्याने मरेबाईंचीच चूक केली. देवगडचे तुडतुडे अमेरिकेत बसून लिहिलेल्या खेळात शोधले. मी स्वतः बरीच वर्षं ह्या दुसऱ्या बाजूचा आहे. खेळात जे आहे ते वाचावं. जे नाही ते वाचायला लागलो तर अंत नाही. त्या खेळात विठोबासुद्धा नाही, मग त्याचा पण अर्थ लावायचा का?

देवबागचो

बरो आसा धागो. माका थेअरी कळना नाय, पण एक सांगतंय. त्या गेमात कावळे येतत, बुजगावणा लावला की जातत. आमच्याकडे वानर येतत. वानरांक बुजगावणा दाखवा, ते त्याच्याच खांद्यार बसतले.

पाटवाडी

@देवबागचो, आमच्याकडे यंदा नारळाची कोवळी बोंडं पण सोडली नाहीत. माणूस ठेवला राखणीला, तो जेवायला गेला की टोळी हजर. जेवणाची वेळ त्यांना पाठ असते.

हर्णैवाला

मासे धरण्याचाही खेळ आहे त्यात. भावाच्या मुलाने दाखवला. एक हिरवी पट्टी वरखाली करायची, मासा पट्टीत राहिला की तुमचा. मी तीस वर्षं होडीवर आहे. पट्टी हलवताना हाताला जे कळतं ना, मासा ओढतोय, आता सैल सोड, आता धर, ते गरीच्या दोरीत अगदी तस्संच कळतं. चित्र पोरकट आहे, पण हात खरा आहे. हे ज्याने केलंय त्याने गरी टाकलेली असणार असं मला वाटलं.

मात्र बारा महिने मासे. जून-जुलैची बंदी नाही, डिझेल नाही, खलाशाचा पगार नाही.

कोड_आणि_कोकम

मी रत्नागिरीचा, पुण्यात गेम बनवणाऱ्या कंपनीत कामाला. @सारीपाट, तुमचा मुद्दा समजला, पण विठोबाचं उदाहरण पटलं नाही. का ते सांगतो.

हा खेळ एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसाने चार वर्षांहून जास्त खपून केला. चित्रं, संगीत, कोड, सगळं त्याचंच. २०१६ मध्ये बाहेर आला. एकटा माणूस काम करतो तेव्हा प्रत्येक गोष्ट 'घालू की नको' असं ठरवूनच घालतो. शेतीचं नुकसान कसं दाखवायचं हा विचार त्याने केलेला दिसतो, कारण कावळे आहेत आणि वीजही पडते. म्हणजे नुकसान हा विषय खेळाच्या हद्दीत आहे. विठोबा त्या हद्दीत कधी आलाच नाही. हद्दीतली जागा रिकामी सोडणं आणि हद्दीबाहेर असणं ह्यात फरक आहे. चार भिंतींच्या घरात दार नसेल तर डोळ्यात भरतं. माळरानावर दार नाही म्हणून कोण बोलतं?

आता वीज पडते तेव्हा काय होतं बघा. फळझाडावर वीज पडली तर ते मरत नाही. चार दिवस फळाऐवजी कोळसा देतं, आणि कोळसा त्या खेळात कामाची वस्तू आहे! म्हणजे तिथे संकटसुद्धा काही हातावर ठेवून जातं. हा नियम आहे, गोष्टीतलं वाक्य नाही. निसर्ग शेवटी तुझ्या बाजूचा आहे, असं तो नियम सांगतो. भाच्याने 'तुडतुडे नाहीत' म्हटलं ते ह्याच नियमाचं दुसरं टोक.

खेळांचा अभ्यासक इयान बोगोस्टने २००७ च्या पुस्तकात ह्याला 'प्रोसिजरल ऱ्हेटरिक' म्हटलंय. मी आपलं 'नियमांचं वक्तृत्व' म्हणतो. भाषण शब्दांनी पटवतं, चित्र रंगांनी, खेळ कार्यपद्धतीने: तू असं केलंस की असं होतं. सगळ्यात साधं उदाहरण गोंझालो फ्रास्काच्या २००३ मधल्या 'सप्टेंबर ट्वेल्थ'चं. बाजारात दहशतवादी हिंडतायत, तुमच्या हाती क्षेपणास्त्र. मारलं की शेजारची साधी माणसंही मरतात, त्यांच्यासाठी रडणाऱ्यांतले काही दहशतवादी होतात. जिंकायची सोयच नाही. फार तर क्षेपणास्त्र न सोडता बसता येतं. भाषणाचं एक वाक्य नाही, तरी म्हणणं पोचतं.

@लेव्हल_९९, तुझ्यासाठी एक खास. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला आजोबांचं भूत येऊन तुझं काम जोखतं, आठवतंय? त्याचे गुण एकूण २१. त्यातले ७ निव्वळ कमाईचे आहेत. सगळे हवेत तर दहा लाख कमवावे लागतात. खेळाच्या सुरुवातीला मिळणारं आजोबांचं पत्र माणसांत, निसर्गात परत जा म्हणून सांगतं, आणि त्यांच्या गुणपत्रिकेत तिसरा हिस्सा पैशाला. पत्र खरं की गुणपत्रिका? गोष्ट आणि नियम असे वेगवेगळ्या दिशेला ओढायला लागले की त्याला क्लिंट हॉकिंग ह्या गेम बनवणाऱ्याने २००७ मध्ये एक नाव दिलं, 'ल्युडोनॅरेटिव्ह डिसोनन्स'. तो दुसऱ्या खेळाबद्दल बोलत होता, पण मला ह्या गुणपत्रिकेजवळ नेहमी तेच आठवतं.

लेव्हल_९९

थांबा. मला चार मेणबत्त्या (आजोबांच्या गुणांप्रमाणे पेटतात त्या, चार म्हणजे सगळ्या) मिळाल्या होत्या, पण कमाईचे गुण वेगळे असतात हे कधी बघितलंच नव्हतं. म्हणजे मी शेताचा कारखाना केला त्याला आजोबांचीच फूस होती??

कोड_आणि_कोकम

थोडी फूस त्यांची, बाकी तुझी. बारा गुणांना चारही मेणबत्त्या लागतात. कमाईचे सात सोडलेस तरी चौदा उरतात, म्हणजे पैशाशिवायही जमलं असतं.

लेव्हल_९९

हे वाचून आज सकाळी माझं शेत परत उघडलं. पिंपांच्या ओळी मोजल्या. एक झाड दिसत नाही. नोकरीचं ऑफिस सुरुवातीला दाखवतात ना, त्या टेबलांच्या रांगा, तशीच दिसतात माझी पिंपं. हे आधी का दिसलं नाही माहीत नाही.

वाडीची_काकू

सगळ्यांचं वाचलं. बरीच नावं डोक्यावरून गेली, पण एका खेळाबद्दल मी अधिकाराने बोलू शकते. मी सावंतवाडीची. आमच्याकडे गंजिफा. पानं गोल, हाताने रंगवलेली, वर लाखेचं रोगण. दशावतारी संचात १२० पानं: दहा अवतार, प्रत्येकाची बारा. राजा, प्रधान, आणि एक ते दहा. तिघांनी खेळायचं, प्रत्येकाला चाळीस. माझे सासरे खेळायचे, मला लग्नानंतर शिकवलं. चाळीस गोल पानं हातात पंख्यासारखी धरायची म्हणजे पहिला महिनाभर नुसती सांडत होती. मग शिकले एकाआड एक सरकवायला, म्हणजे कडेची खूण तेवढी दिसते.

अर्ध्या अवतारांत दहा मोठा आणि एक लहान. उरलेल्या अर्ध्यांत उलटं, एक मोठा आणि दहा लहान. हे लक्षात ठेवायलाच डोकं लागतं.

आणि डावाची सुरुवात कोणी करायची? दिवसा खेळत असाल तर ज्याच्याकडे रामाचा राजा तो. रात्री खेळत असाल तर कृष्णाचा. आमच्याकडे दिवेलागणीला समई लागली की पुढच्या डावाला सासरे म्हणायचे, "आता कृष्ण."

तर माझा प्रश्न @सारीपाट ह्यांना. हा नियम की चित्र? रामाचं चित्र काढून तिथे आंबा काढला, तर दिवसा आंब्याने का सुरुवात करायची ते कोण सांगेल?

सारीपाट

काकू, तुमचा प्रश्न वाचून दोन दिवस गप्प होतो.

ऑर्सेथने एका लेखात लिहिलंय की 'टूम रेडर' खेळाची नायिका लारा क्रॉफ्ट, तिचं शरीर कसं आहे ह्याने खेळाडू म्हणून त्याला फरक पडत नाही, कारण वेगळं शरीर असतं तरी तो तसाच खेळला असता. बुद्धिबळाची सोंगटी लाकडाची असो की हस्तिदंताची, चाल तीच, त्या जातीचा हा विचार. मी तो अनेकदा पोरांना शिकवलाय. पण दिवसा राम आणि रात्री कृष्ण हा नियमच चित्राच्या अर्थावर उभा आहे. राम सूर्यवंशी, कृष्ण मध्यरात्री जन्मलेला. ज्याला हे माहीत नाही त्याला तो नियम नुसता पाठ करावा लागेल, आणि ज्याला माहीत आहे त्याला तो सांगावाही लागत नाही. इथे नियम आणि गोष्ट वेगळे सोलून काढता येत नाहीत. माझं 'नियम आधी, गोष्ट नंतर' इथे चालत नाही, हे मान्य करतो.

येस्पर यूल ह्या खेळांच्या अभ्यासकाने २००५ मध्ये जरा मऊ भूमिका घेतली होती: नियम खरे असतात आणि जग कल्पित असतं. ड्रॅगन खोटा, पण त्याला मारून जिंकणं खरं. ते मला अजूनही पटतं. फक्त कल्पित जग नियमाच्या आत किती खोल जातं ते मी कमी धरत होतो.

फणसगरे

मी पहिल्याच प्रतिसादात खेळ तो खेळ म्हणून मोकळा झालो होतो. काकूंच्या गंजिफामुळे मलाही एक आठवलं, लिहितो.

आमच्या आजीकडे कापडावर काढलेला मोक्षपट होता. सापशिडीच, पण घराघरात पापपुण्याची नावं. शिडीच्या पायाशी एखादा गुण, सापाच्या तोंडाशी एखादा दुर्गुण. कवड्या टाकून खेळायची. आजी नुसतं घर मोजायची नाही, नाव मोठ्याने वाचायची. मी सापाच्या तोंडी गेलो की "क्रोध" असं माझ्याकडे बघून म्हणायची. मी आदल्या दिवशी कोणावर चिडलो होतो ते तिला ठाऊक असायचं. आता बाजारात मिळते त्या सापशिडीवर नुसते आकडे. नियम जसेच्या तसे. म्हणजे अर्थ गेला ना?

कोड_आणि_कोकम

@फणसगरे, अर्धा गेला, अर्धा राहिला असं मी म्हणेन. सापशिडीत खेळणारा एकदाही काही निवडत नाही. दान पडेल तसं जायचं. नावं पुसली तरी 'तुझ्या हातात काही नाही' हे त्या नियमात उरतंच. उलट नावं असताना एक चमत्कारिक ताण होता. नाव सांगतं, तू रागावलास म्हणून घसरलास. कवडी सांगते, तू काही केलं नाहीस, दान पडलं. कर्म आणि दैव एकाच पटावर. तुमच्या आजी मोठ्याने नाव वाचून कर्माच्या बाजूने जोर लावत होत्या.

फणसगरे

हे आजीला सांगायला हवं होतं.

कुडाळचा_पखवाज

माझ्या घरात तीन पिढ्या दशावतारात. मी स्वतः साथीला बसतो. वरती नियम, चित्र, गोष्ट झाली, पण एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

आमच्या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. संध्याकाळी रंगपटात कथानक ठरतं, कोण कोणतं पात्र ते ठरतं, आणि रात्री उभं राहून बोलायचं. रंगमंचावर एक बाकडं. तेच सिंहासन, तोच डोंगर. आता कोणी विचारलं, काल रात्रीच्या खेळाचा अर्थ काय, तर काय वाचणार तुम्ही? कागद नाही. 'अमुक आख्यान' एवढं सांगून काही कळत नाही, कारण तेच आख्यान परवा दुसऱ्या गावात वेगळं झालं. राजा झालेल्याचा आवाज बसला होता म्हणून त्याने भांडणाचा प्रसंग हळू आवाजात केला, आणि त्या गावातली माणसं अजून त्या हळू आवाजाबद्दल बोलतात. मला पखवाज वाजवताना ते आधी कळलं. बोल तोच, पण हात आपोआप हलका पडला.

म्हणून ताई, मला वाटतं तुमच्या भाच्याचा खेळ म्हणजे संगणकातली वस्तू नव्हे. ती रंगपटातली ठरवाठरवी झाली. खेळ झाला तो त्या दुपारी पडवीत. त्यात तुमचा भाऊ आहे, पंप आहे, ढगाळ हवा आहे. 'दलाल खंय बसता' हा संवाद त्या प्रयोगातला आहे.

पाटवाडी

+१. अंगावर काटा आला.

उंबरठा

कुडाळकरांनी माझं काम सोपं केलं. दोन गोष्टी जोडतो.

हान्स-गेऑर्ग गाडामर ह्या जर्मन तत्त्वज्ञाने १९६० च्या ग्रंथात, अर्थ लावणं म्हणजे काय हे सांगताना, खेळाचं प्रकरण घातलंय. तो सुरुवात माणसांच्या खेळापासून करतच नाही. प्रकाशाचा खेळ, लाटांचा खेळ असे भाषेतले प्रयोग घेतो आणि म्हणतो, बघा, इथे खेळणारा कोणी नाही, तरी खेळ आहे. आपण खेळाला खेळवत नाही, खेळ आपल्याला खेळवतो. मराठीत हे समजावून सांगावंच लागत नाही. घरात हवा खेळती असते. हातात पैसा खेळतो. शिमग्यात पालखी खेळवतात, घरोघर खेळे येतात, आणि दशावताराचा प्रयोग असतो त्यालाही आपण 'खेळ'च म्हणतो. हॉइझिंगा ह्या डच इतिहासकाराने १९३८ मध्ये वेगवेगळ्या भाषांतले खेळाचे शब्द तपासले, त्यात संस्कृतमधले क्रीड्, दिव्, लीला सगळे घेतले. मराठीतला 'खेळ' त्याच्या हाती लागता तर बरं झालं असतं असं मला फार वाटतं.

दुसरं. @कोड_आणि_कोकम, नियमांच्या वक्तृत्वावर मिगेल सिकार्ट ह्या खेळांच्या अभ्यासकाने २०११ मध्ये आक्षेप घेतलाय तो बघा. अर्थ आधीच नियमांत भरून ठेवलाय म्हटलं, तर खेळणारा नुसता कुलूप उघडणारा उरतो. तो काही घडवत नाही. लेव्हल_९९ ने शेताचा कारखाना केला हे गुणपत्रिकेतून अर्धवटच कळतं. उरलेलं त्याने घडवलं, आणि काल पिंपांच्या ओळी बघून त्याला जे दिसलं तेही त्यानेच घडवलं. पुन्हा तेच शेत, तेच नियम, पण बघणारा बदलला.

आणि भाच्याबद्दल. गाडामरच्या भाषेत प्रत्येकजण आपलं क्षितिज घेऊन येतो, आणि समजणं म्हणजे दोन क्षितिजं मिसळणं. देवगडचं क्षितिज घेऊन आलेल्या मुलाला खेळाच्या कडा दिसल्या, कारण त्याच्या घरचं क्षितिज तिथे अडखळलं. बाग नसलेल्याला त्या कडा दिसल्याच नसत्या. त्याला अडचण म्हणू नका, ते त्याचं साधन आहे.

कोड_आणि_कोकम

सिकार्टचं मान्य. तरी माझा एक पाय नियमांवर राहील. 'भाव एकच' हे मुलाने घडवलं नाही, ते तिथे आहे. आमच्या धंद्यात भाव खालीवर करणं अवघड नसतं. न करणं ही निवड असते. माल जास्त आला की भाव पडतो हे एकच घातलं तरी तो खेळ निवांत राहणार नाही, लोक धास्तावून खेळतील. निवांतपणा हवा होता म्हणून बाजार काढून टाकला. दलालाशिवाय शेती निवांत असते, हे त्या खेळाने न बोलता कबूल केलंय बघा.

देवबागचो

ह्या वाक्य वाशीच्या मार्केटात मोठ्या अक्षरांत लावूक होया.

हर्णैवाला

अवांतर होईल, तरी विचारतो. त्या खेळात आंब्याचं रोप मिळतं कुठे? पुतण्याला सापडत नाहीये.

लेव्हल_९९

@हर्णैवाला, ते बेटावर जावं लागतं. तिथल्या व्यापाऱ्याला पैसे चालत नाहीत. ७५ मसल्स द्यायचे, तो एक आंब्याचं रोप देतो.

हर्णैवाला

मसल्स म्हणजे शिनाणे? पंच्याहत्तर शिनाण्यांना आंब्याचं कलम! ह्या एका नियमासाठी मी त्या बॅरोनला जेवायला बोलावीन. आमच्या आजीने खडकावरचे शिनाणे काढून, विकून, त्या पैशांत परसात दोन कलमं लावली होती. अजून धरतात.

वाडीची_काकू

बघा, खेळ करणाऱ्याला तुमची आजी माहीत नव्हती, तरी तुम्हाला ती तिथे भेटली.

खाडीकाठची

मंडळी, दोन आठवड्यांनी येतेय. मध्ये पुन्हा देवगडला जाऊन आले, आणि सांगण्यासारखं घडलंय.

आधी मूळ प्रश्नाचं. सारीपाटांनी विचारलेलं 'नसलेलं वाचायचं का' हे माझ्यासाठी सगळ्यात मोलाचं ठरलं, कारण त्यामुळेच हद्दीतली रिकामी जागा आणि हद्दीबाहेरची जागा हा फरक हाती आला. चर्चासत्रात तो मांडणार आहे. ऑर्सेथचाच २००३ चा एक निबंध मिळाला. खेळ अभ्यासायचे तीन मार्ग तो सांगतो: बनवणाऱ्याकडून समजून घ्या, इतरांना खेळताना बघा, आणि स्वतः खेळा. तिसऱ्याला तो सगळ्यात जास्त मान देतो. मी फक्त दुसरं केलं होतं. म्हणून बसले खेळायला. पहिल्या दिवशी पाणी घालता घालता माझी शक्ती संपून मी शेतातच कोसळले, भाचा हसून लोळला.

मग त्याने त्याची वही दाखवली. माझ्या मागे त्याने काय केलंय बघा. रोज सकाळी, म्हणजे खेळातल्या सकाळी, तो सापशिडीचा खरा फासा जमिनीवर टाकतो. एक पडला: तुडतुडे, त्या दिवशीचं फळ कचऱ्यात. दोन पडले: वानर, दोन फळं झाडाखाली टाकून द्यायची. सहा पडले: हवा चांगली, सगळं आपलं. पडद्यावर पाऊस असेल तर फासा दोनदा. एक वर्ष पूर्ण फळ, दुसऱ्या वर्षी निम्मं, कारण हापूस वर्षाआडच धरतो. खेळातलं कोड त्याने बदललं नाही, त्याला ते येतही नाही. नियम वहीत आहेत आणि तो ते पाळतो. मी बघत होते तेव्हा एक पडला. कोणी विचारणारं नव्हतं, तरी त्याने आंबा उचलून कचरापेटीत टाकला आणि क्षणभर तोंड पाडून बसला.

वाचून सांगण्यापेक्षा खेळून सांगणं त्याला सोपं गेलं. कुडाळकर, तुमचा 'प्रयोग' मला तेव्हा कळला.

वहीत सहा नियम त्याच्या अक्षरात होते. सातवा निळ्या पेनाने, मोठ्या तिरक्या अक्षरात: "दर दहा फळांमागे एक फळ दलालीचं." ते माझ्या भावाचं अक्षर आहे. कधी लिहिलं विचारलं तर म्हणाला, परवा लाइट गेली होती तेव्हा दोघं बसलो होतो.

फणसगरे

ताई, त्या वहीचा फोटो टाकता येईल का?

खाडीकाठची

भाच्याला विचारून सांगते. वही त्याची आहे.